एकशे एक्केचाळीस

राजकोटवाला म्हणतो, आकडे किलोवर घ्या, स्वस्त पडतील.
डिचोलीत एवढे कान कुठून आणू?

जयपूरचे मणी फोटोत जांभळे,
हातात आले तर वांग्याची साल.
एस्पेरांसानं आठ दिवस माळ घातली,
घामानं मानेवर रेघ उठली.
तिनं पैसे परत मागितले नाहीत,
नुसती मान दाखवली.

बाबा तार जिभेला लावून
पेढीचं नाव सांगायचे.
मला सगळे पिनकोड विचारतात.

खंबातच्या कुणा म्हाताऱ्याच्या पुडीत मात्र
मण्यांबरोबर चिठ्ठी:
तीन तडकलेले होते, काढले. पुढच्या खेपेला देईन.

मोजले.
शेवटची कदंब निघून गेली,
दुकानाचं शटर अर्धंच ओढलेलं.
त्याचं नाव वहीत
पेन्सिलीनं नाही लिहिलं.