चौकुळचा बेत

कॅलेंडरवर सोळा मेला तू पेन्सिलीने गोल केलास
आणि लगेच तोंड पाडलंस :
"मेमध्ये बेडूक नसतात गं."

उडता बेडूक. हिरवा, पडद्याच्या पायांचा,
पानांवर फेसाचं घरटं करतो,
हे तू मला गेले तीन महिने जेवताना सांगतोयस,
आमटी वाढायच्या आत आणि वाढल्यावरही.
तो जूनमध्ये येतो. आपण मेमध्ये लग्न केलं.
चूक माझ्या मामांची,
त्यांनी मुहूर्त धरताना
आंबे, रजा, मांडवाचं भाडं, सगळं पाहिलं,
बेडूक तेवढा राहिला.

बरं, मग मेमध्ये काय असतं?
वही आण. मी काजूच्या फॅक्टरीत
तेवीस वर्षं खतावण्या लिहिल्यात,
बेत माझ्या हातात दे.

वेंगुर्ल्याहून पहाटे साडेचार.
दळव्यांची गाडी नको, तो घाटात फोनवर बोलतो.
सावंतवाडीला चहा. दाणोलीनंतर वळणं,
पुढची सीट मला.
भाड्याची लेन्स : दिवसाला बाराशे, अनामत वेगळी.
(तीन दिवसांचे छत्तीसशे. एवढ्यात
मागच्या पडवीची कौलं बदलून झाली असती,
पण हे मी फक्त वहीत लिहिलंय.)
तिपाई. टॉर्च.
गुडघ्याचा पट्टा, दोघांत एकच,
चढताना तुझा, उतरताना माझा.

चौकुळच्या रोहिदास गावड्यांना फोन, स्पीकरवर.
"गरूड गावतले," म्हणाले. धनेशाला ते गरूडच म्हणतात.
"मादी फेब्रुवारीपासून ढोलीत बसलीहा.
दार आपणच लिपून घेता.
मे म्हयन्यात फोडून भायर येता.
पण घरट्याचो फोटो गावाचो नाय.
लांबसून बघा. बघूक कोणाची ना नाय."

फोन ठेवल्यावर तू बराच वेळ
टेबलावरचं मीठ बोटाने गोळा करत राहिलास.

मी त्या मादीचा हिशोब मांडला.
फेब्रुवारी, मार्च, एप्रिल.
फटीतून फक्त चोच.
तो दिवसातून किती फेऱ्या घालत असेल,
उंबर, वडाची फळं, एखादा सरडा,
आणि तिने मागितलेलंच आणत असेल का,
की तुझ्यासारखं,
कोथिंबीर सांगितली तर मेथी?

हसलास. बरं झालं.

आता माझं ऐक. मला प्राणी एकही नको.
मला महादेवगडावरून खाली बघायचंय.
माहेर इथलं, सासर इथलं, बंदरापासून दीड मैल,
आणि हा किनारा मी जन्मभर आडवाच पाहिला,
माडांच्या बुंध्यांतून,
बाजारातल्या बांगड्यांच्या ढिगावरून,
बँकेच्या खिडकीतून पट्टीएवढा.
वरून, अख्खा, कधीच नाही.

तू म्हणतोस मेमध्ये धुरकट असतं,
समुद्र कुठे संपला ते कळत नाही,
ऑक्टोबरात जाऊ.
ऑक्टोबर आईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दिलाय.
धुरकट तर धुरकट.
तुझी ती लांब नळी तिकडे धर
आणि मी बोट दाखवीन तिथे दाब.

घर दिसणार नाही, मला कळतं.
ठिपकाही नाही, ठिपक्याचा चतकोर.
पण कुणी विचारलंच
तर त्या राखाडीवर नख टेकवून सांगता येईल,
हे इथून निघालो आम्ही,
गॅस बंद केला होता की नाही
यावर पार दाणोलीपर्यंत भांडत.

चल, पेन दे, गोल पक्का करते.
आणि पान उलटून बघ,
जूनच्या चौदा तारखेला
मी आधीच एक छोटा हिरवा गोल काढून ठेवलाय.
तो खर्च तुझ्या खात्यावर.