ऊन

पहाटे साडेचारला, शटरं वर जायच्या आत
अब्बा सोन्या मारुती चौकातली गटारं खरवडतात.
तारेचा ब्रश, पत्र्याचं सुपलं, गोणपाट.
सराफांच्या उंबऱ्याखालची राख, केस, पानाची पिंक,
आणि कानशीखालून उडालेला
कुणाच्या तरी पाटल्यांचा चुरा.
आम्ही झारेकरी.

घरी घमेल्यात पाणी, मनगटाला एक हेलकावा:
हलकं ते वाहतं, जड ते तळाशी बसतं.
एवढीच विद्या.
तिच्यावर माझी एम.एस्सी. झाली.

मी पाषाणला, तिसऱ्या मजल्यावर,
सोन्याच्या क्षाराचं पिवळट पाणी उकळायला ठेवते,
सायट्रेट ओतते.
आधी होता तो रंगही जातो.
मग निळसर धूर धरल्यासारखं,
मग कोकमाच्या आगळासारखं लाल.
दर वेळी वाटतं, आज नाही होणार.
बाटलीवर तारीख घालते.
आत गुंजेच्या विसाव्या भागाइतकंही सोनं नसेल.

अब्बांनी एकच विचारलं, 'तळाशी बसतं ना?'
नाही बसत. महिना झाला तरी नाही.
इतके बारीक कण की पाणीच त्यांना ढकलत राहतं.
'मग ते सोनं कसलं?'

डिसेंबरात एकदा डबा घेऊन आले.
गेटवर सही केली, दारात चपला काढल्या.
म्हटलं, घाला अब्बा, इथे काचा असतात.
त्यांना नारिंगी चष्मा दिला, मी लावला, अंधार केला,
आणि बोटभर चौकोनी काचेतल्या लाल पाण्यात
हिरवा लेझर सोडला.

आधी साध्या पाण्यात सोडून दाखवला होता.
आरपार गेला; दहा मिनिटांत काटा अर्धा अंशही हलला नाही.
इथे मात्र शिरला तो पलीकडे जेमतेम निघाला.
चोवीस. एकोणतीस. चौतीस.
मी सांगत होते:
कणातले मोकळे इलेक्ट्रॉन
उजेडाच्या तालावर सगळे एकदम हेलकावतात,
घमेल्यातल्या पाण्यासारखे, या काठावरून त्या काठाला.
मग ताल मोडतो, आपटतात,
सोन्याचा सांगाडा थरथरतो,
ती थरथर भोवतालच्या पाण्याला लागते.
सेकंदाचे अब्ज तुकडे केले
तर त्यातल्या एखाद्या तुकड्यात हे सगळं उरकतं.
हिरवा ठेवून घेतात, म्हणून लाल दिसतात, अब्बा.
रंग म्हणजे उरलेलं.
'उरलेलं' या शब्दावर त्यांनी मान हलवली.
बाकीच्यावर नाही.

एक्केचाळीस पूर्णांक तीन.
आकड्यावर त्यांचा विश्वास नाही; लेझर बंद करायला लावला,
आम्लानं चिरलेला अंगठा काचेला टेकवला.
जरा वेळ तसेच.
मग म्हणाले, 'ऊन आहे.'

अंगणात पडतं ते ऊन.
अंघोळीला काढतो ते पाणीही ऊन.
आमच्या भाषेनं मधला सगळा रस्ता
एका अक्षरानंही न वाढता कापलेला,
आणि मी चार वर्षं
त्याच रस्त्याचे आलेख काढतेय.

कपाटात एक बिघडलेली बाटली होती.
क्षार जास्त पडला, कण एकमेकांना चिकटले,
लाल जाऊन निळं, निळं जाऊन करडं,
तळाशी काळपट साय.
अब्बांनी ती उजेडाकडे धरली, मनगटानं हलकेच फिरवली,
आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.
'हे बसलं. हे सोनं. नेऊ?'

नको अब्बा, इथे थेंबाथेंबाची नोंद असते.
'बरोबर आहे,' बाटली जागेवर ठेवत म्हणाले,
'सराफही ठेवतो.
नोंदीत नसतं तेवढंच आपलं.'

बसथांब्यापर्यंत सोडायला गेले.
थंडी होती. एक हात स्वेटरच्या खिशात,
दुसऱ्याचा अंगठा मुठीत मिटलेला.
वहीत मी तापमान लिहिलं, वेळ लिहिली.
मुठीतलं लिहायला
रकाना नव्हता.