बँड

गुलाबतात्या हवालदार निळी टोपी घालून
वर्षभर परमुलखात मतपेट्या राखून आले.
काय पाहिलं विचारलं, तर रेडिओचंच सांगतात.
अकरा वर्षं तिथं सकाळी आधी बँड, मग हुकूम.
एका मंगळवारी बँड वाजलाच नाही.
एक बाई बोलली. अडखळली जरा.
म्हणाली, आज बाजारात मासळी स्वस्त आहे.

टपरीवर माणसं तरीही हळूच बोलायची,
शेजारच्या बाकाकडं बघत. सवय.
एका म्हातारीनं बोटावरची शाई
आठवडाभर भांडी न घासता जपली.

आमचं गाव साताऱ्याजवळचं, फौजींचं.
घरटी एक काळी ट्रंक,
झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, पलटण.
आज ग्रामपंचायतीचं मतदान.
तात्या पहाटेच दाढी करून
उंबऱ्यात बुटांना पॉलिश मारत बसलेले.

धाकटा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला,
"काय फरक पडतोय मत देऊन?
ह्यांना सरळ करायला मिलिट्रीच पायजे."

ब्रश थांबला.
आता तात्या भडकणार, म्हणून मी दूध खाली उतरवलं.

"बँड लई झ्याक वाजायचा, बाळा,"
एवढंच म्हणाले,
आणि दुसरा बूट घेतला.