तिरका रस्ता

थ्रॉलव्हिलचे खड्डे दर एप्रिलला मी बुजवतो.
थंडी सरली की डांबर उकलतं,
आणि सगळ्यांत आधी उकलतो हाच,
धान्याच्या कोठारापासून ओढ्याच्या उतारापर्यंत
कुणाला न विचारता गेलेला तिरका रस्ता.
बाकी गाव काटकोनात.
नवे लोक विचारतात, हा असा कसा?
मी म्हणतो, लाकूड ओलं होतं म्हणून.

नकाशा कपाटात आहे, अठराशे चोपन्नचा.
असाहेल थ्रॉल, व्हरमाँटहून आलेला,
सहासष्ट फुटी साखळी आणि दोन पोरं घेऊन
चार दिवस गवतात फिरला.
गवत एवढं, की साखळीचं पुढचं टोक धरणारा
दिसतच नसे. नुसती हाक यायची: रोव!
मागचा ओरडायचा: रोवली!
कागदावर त्यानं कोर्टाचा चौक काढला,
कॉलेज काढलं, ऑपेरा हाउस काढलं,
ओढ्याची नदी केली, नदीत आगबोट सोडली
धुरासकट.
धूर फार मन लावून काढलाय.

त्या धुराला भुलून ओल्टमन्स कुटुंब आलं:
गेझिना, तिचा हिनरिश, दोन मुली,
एक लोखंडी पेटी, फडक्यात कोबीचं बी.
समुद्राला बांध घालून जगलेली माणसं ती,
इथे समुद्रच गवताचा,
बांध कुठून सुरू करावा कळेना.
विकत घेतलेल्या जागी, ऑपेरा हाउसशेजारी,
एक खुंटी होती, खुंटीवर टोळ.
गेझिना म्हातारपणी सांगायची,
गाणं मात्र फुकट ऐकलं हो आम्ही.

पहिल्या हिवाळ्यात सात घरं.
घरं म्हणजे उतारात खणलेली बिळं,
वर गवताळ मातीची ढेपळं.
जानेवारीत नऊ दिवस वादळ.
ओढ्याकाठचं लाकूड ओलं, नुसतं धुमसायचं,
मुलींचे डोळे सुजले.
दहाव्या दिवशी गेझिना रिकाम्या हातांनी बाहेर पडली.
खुंट्या ओकच्या होत्या, खडखडीत वाळलेल्या,
लाल रंगवलेली डोकी बर्फाबाहेर बोटभर.

आधी कोर्ट जाळलं.
मग कॉलेज.
मुख्य रस्ता अडीच दिवस पुरला.
तिचं बघून विलोबी आला, मग ते दोघे बावेरियन भाऊ.
म्हणतात, शेवटी थ्रॉलही आला, रात्री,
पाठीशी कंदील लपवून.
म्हणतात. दप्तरात तसं काही नाही.
दप्तरात मार्चची एकच ओळ, त्याच्या अक्षरात:
खुंट्या सापडत नाहीत.

बर्फ वितळला तेव्हा
जमिनीवर एकच रेघ शिल्लक होती,
हातभर रुंद, घोटाभर खोल,
मेस्क्वाकी लोकांची, मेपलच्या राईकडे जाणारी.
साखळीनं ती चार जागी कापली होती.
वाटेला त्याचा पत्ता नव्हता.
आणि त्या वाटेनं माणसं आली,
अकरा जण, पाठीवर पितळी हंडे,
साखरेचा रस उकळायला, दरसालासारखी.
सरकारी कागदांनुसार ती इथे नव्हतीच.

गेझिनाचं दार बरोब्बर वाटेवर.
पुढची म्हातारी थांबली.
दाराकडे पाहिलं, दारातल्या बाईकडे,
तिच्या हातातल्या अर्ध्या जळक्या लाल खुंटीकडे.
काही बोलली असेल तर ते कुणाला कळलं नाही.
मग ती वळसा घालून गेली,
बाकीचे तिच्या मागोमाग.

तो वळसा अजून आहे.
घर कधीच ढासळलं, तिथं आता काहीच नाही,
तरी ट्रॅक्टरवाले तिथं वेग कमी करतात,
आणि मोठ्यात मोठा खड्डा तिथंच पडतो.

काउंटीचा इंजिनिअर म्हणतो, सरळ करून टाकू,
खर्च फारसा नाही.
मंगळवारी येऊन त्यानं खुंट्या ठोकल्या,
नव्या कोऱ्या, नारिंगी फीत बांधलेल्या.
मी बघून आलो. पाइनच्या आहेत.
यंदा एप्रिलातही रात्री गारठा आहे,
आणि शेगडी आमच्याकडेही आहे.