अकरा मिलिमीटर

मे महिन्यात मी मुलीला जवळ घेत नाही.

आधी अंगणातल्या नळाखाली उभा राहतो,
शर्ट, विजार, मोजेसुद्धा दाराबाहेरच्या बादलीत,
भुवयांत, नखांत, मानेच्या घडीत
साबण फिरवतो.
शेजारची एन्कार्ना गच्चीवरून ओरडते,
"एउफ्रासियो, लग्नाला निघालास का?"
मी म्हणतो, हो, रोजच.

आत आरासेली तोंडानं श्वास घेत अभ्यास करते.
चौदा वर्षांची. डोळे असे लाल
की शिक्षकांना वाटतं रात्रभर रडली,
मैत्रिणींना वाटतं, कुणासाठी तरी.
ती म्हणते, वाटू दे,
नाक गळतंय सांगण्यापेक्षा तेच बरं.

थंडीत तिला हाएनच्या इस्पितळात नेलं होतं.
डॉक्टरीणबाईंनी हातावर पेनानं आकडे काढले,
प्रत्येक आकड्याशी एक थेंब, एक टोचणी.
गवत. मांजर. सरू. गादीतली धूळ.
पंधरा मिनिटं बसायचं, खाजवायचं नाही.
सातव्या आकड्यापाशी मसुरीएवढं काही उठलं,
बघता बघता वाटाण्याएवढं झालं.
बाईंनी पट्टी लावली.
"ऑलिव्ह. अकरा मिलिमीटर."
आणि सहज विचारलं, "घराजवळ झाडं आहेत का?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.
पायथ्यापासून आभाळ टेकतं तिथवर
रांगा, पुन्हा रांगा,
कुणीतरी डोंगराला फणी फिरवल्यासारख्या.
त्यातली दोनशे बारा माझी.
"आहेत थोडी," म्हणालो.
आरासेली हसली,
हसता हसता शिंकली.

परवा गणिताचा पेपर.
नऊ शिंका. नाकी नऊ म्हणतात ते अगदी मोजून.
पहिल्या तिनांना सगळा वर्ग म्हणाला, "येशू!"
(आमच्याकडे तशी रीत आहे)
चौथीला एकटा इस्माएल.
पुढं कुणीच नाही.
नव्या सरांना मात्र संशय आला:
एवढे कागदी रुमाल कशाला?
एक उचलला, सूत्रं शोधायला उलगडला.
आत जे होतं त्याचं वर्गमूळ काही निघेना.
सर हात धुवायला गेले
आणि तेवढ्यात अख्ख्या वर्गाला दोन गणितं सुटली.

जेवताना तिनं हे सगळं नकलेसकट सांगितलं.
तिची आई पोट धरून हसली.
मग पाण्याचा पेला तसाच हातात धरून
ती म्हणाली, "पापा, तिसरं मला येत होतं.
गोळीनं डोळे मिटायला लागले."

आता दर महिन्याला दंडात इंजेक्शन.
आत काय आहे, मी विचारलं.
नर्स म्हणाली, तुमचंच ऑलिव्ह. मोहोराची धूळ, जराशी.
तीन वर्षं. कदाचित पाच.
म्हणजे ओळख करून द्यायची,
तिची आणि झाडांची,
रुसलेल्या सोयऱ्यांना ओसरीवर बसवावं, पाणी द्यावं,
आणि जुन्या गोष्टी इतक्यात काढू नयेत, तशी.

झाडांवर मी कसा रागावू?
अर्धी तर माझ्याच हातांनी छाटलेली.
ती मोहरतात. वारा येतो. त्यांचं एवढंच.

नोव्हेंबरात मात्र बघा.
तेलाच्या गिरणीचं पहिलं तेल हिरवंगार उतरतं तेव्हा
म्हातारा गास्पार आधी हिला हाक मारतो.
ती वाटी तळहातात धरते, झाकते, ऊब देते,
नाक आत घालते
आणि डोळे मिटून म्हणते:
टोमॅटोचं पान. कच्चा बदाम.
आणि ही फळं एक रात्र पोत्यात राहिली आहेत.
गास्पार कपाळावर हात मारतो.
राहिलेली असतात.

पण नोव्हेंबर लांब आहे.
आज शनिवार, मेचा तिसरा,
वारा दक्षिणेचा.
गाडीच्या काचेवर बोटानं नाव लिहिता येईल एवढं पिवळं.
मी नळ बंद करतो, केस झटकतो.
ती दारात उभी, ओढणीनं नाक झाकून,
एक हात पुढे.

"झालं का?"
झालं.
ती वाकून बघते.
"कानामागे राहिलंय."

मी पुन्हा नळ सोडतो.