चौथी फेरी

तीन फेऱ्या गाडी शहाण्यासारखी पळते.
बंद गिरणीचं आवार, धुराड्याला वळसा,
सूतगोदामामागून सरळ पट्टा,
फाटकापाशी दगडावर मी,
हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही.
बावन्न पॉइंट चार.
बावन्न पॉइंट सहा.
पुन्हा बावन्न, सहा.
मग चौथी.
धुराड्याच्या उजव्या वळणावर
कुणी मागून बंपर धरल्यासारखी
जड होते, खोकते, आचके देते.
अठ्ठावन्न.

वही चादरीच्या कारखान्यातली आहे,
रकान्यांवर अजून 'नग' आणि 'वजन' छापलेलं.
'नग'खाली मी फेरी लिहिते,
'वजन'खाली वेळ.
आज फार वजन भरलं.

हत्तुरे मालक म्हणतात, पेट्रोलात पाणी.
गुरुलिंग म्हणतो, कार्बोरेटर.
तहसीन हेल्मेट काढतो,
कपाळावर फोमचा लाल वळ,
"पाय दाबतो बे मी,
खाली काहीच नसतंय."
त्याच्या पायावर कुणाचा संशय नाही.
म्हणजे आहे,
पण तो पाणी प्यायला गेला की.

एप्रिल. चव्वेचाळीस.
पान्हे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो,
नाहीतर हाताला चिकटतात.
कोइमतूरहून मागवलेला फिल्टर बसवला,
हत्तुऱ्यांनी त्यासाठी बुलेट विकली होती,
गाडी अर्धा सेकंद मागे गेली.
त्या संध्याकाळी अक्कलकोट रोडच्या टपरीवर
कुणी कुणाच्या चहाचे पैसे दिले नाहीत.

एका रविवारी नायनांना आणलं.
एकतीस वर्षं यंत्रमागावर,
कान कधीच खटखटीत गेलेले.
गुरुलिंग माझ्याकडे बघत राहिला:
बहिऱ्या माणसाला इंजिन ऐकवायला आणलंस?
नायनांनी चप्पल काढली,
तापलेल्या बॉनेटवर धोतराचा सोगा टाकला,
त्यावर तळवा.
बराच वेळ.
मग तेलुगूत म्हणाले,
एक धागा तुटलाय, माग कशाला चालवताय?

चौथ्या प्लगची वायर.
केसाएवढी चीर.
गार असताना मिटलेली,
तापली की उघडायची.
पासष्ट रुपयांची वायर
साखर पेठेत मिळाली, तीही उधार.
तहसीनने नायनांना उचलून फिरवलं,
नायना म्हणत होते, खाली ठेव, चप्पल, चप्पल.

इथे ही कविता संपवता आली असती.

पण सोमवारी चौथी फेरी चोपन्न.
अठ्ठावन्न नाही, बावन्नही नाही.
वरचे दोन सेकंद
त्याच वळणावर कुठेतरी सांडतात.
टाकीत पेट्रोल एका बाजूला जातं म्हणून,
किंवा मागचं डावं चाक हलकं पडतं,
किंवा आम्हाला माहीत नसलेलं काहीतरी,
ज्याचं नाव कुठल्या तरी श्रीमंत टीमच्या
कॉम्प्युटरवर रोज सकाळी दिसत असेल.
नायनांनी पुन्हा हात ठेवला.
काढला.
म्हणाले, आता सगळे धागे आहेत.
मापच लहान आहे.

कोल्हापुरात चौदांत अकरावे.
मागच्या तिघांतली एक उलटली,
एकीचा टायर गेला,
एक आलीच नव्हती.
हत्तुरे घरी फोनवर एवढंच म्हणाले, अकरावे.

परतताना गाडी टेम्पोत,
साखळ्यांखाली जुन्या चादरी, रंग जाऊ नये म्हणून.
पुढे जागा नव्हती,
मी गाडीतच बसले, तहसीनच्या सीटवर.
मंगळवेढ्यानंतर दोन्हीकडे काळी रानं,
ज्वारी निघून गेलेली, नुसती धसकटं.
ऊस भरलेला एक ट्रॅक्टरही
हॉर्न देत आमच्या पुढे गेला.
मी स्टॉपवॉच सुरू केलं,
स्टिअरिंगवर हात ठेवले.
वळणं आली, उजवी, डावी, पुन्हा उजवी,
ती कुठेच खोकली नाही.
सात रस्त्याला बटण दाबलं.
एक तास, बत्तीस मिनिटं, नऊ सेकंद.

'नग'खाली काय लिहावं ते सुचेना,
म्हणून फक्त वजन लिहिलं.