पहिलं पाणी

सोमवारी सांतान कपेलातलं गाठोडं घेऊन यायचा,
तेव्हा वस्त्रं ओलीच असायची.
"पहिलं पाणी माझं, शेवंती.
दुसऱ्यापासून तुझं."

मी मडवळाची. सासऱ्यानं देवळात मशाल धरली.
दिवाडीचे सगळे मळ माझ्या हातांना ठाऊक आहेत:
खाजनातला चिखल, आमसुलांचे डाग,
बाळंतिणीची लुगडी, तारवट्यांच्या कॉलरीचं तेल.
ह्या पांढऱ्या चौकोनावर मात्र काही नसायचं.
मधोमध लाल दोऱ्याचा क्रूस, नखाएवढा.
फार तर चषक पुसायच्या फडक्याला
एक फिकट गुलाबी कड.
ती तो रक्त म्हणायचा.
मी डाग म्हटलं तर गप्प व्हायचा.

रक्त मला सांगू नये कुणी.
बांधावरच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा पडायचा,
आणि भगताचं धोतर माझ्याकडे यायचं.
रक्ताला थंड पाणी लागतं.
ऊन पाण्यात ते कापडातच शिजतं, मग जन्मभर निघत नाही.

"तुम्ही रोज देता बळी?"
"रोज कुठला? एकदाच दिला. परत नाही."
"मग रोज सकाळी घंटा कसली?"
तो विहिरीच्या कठड्याला टेकला.
"ही विहीर कितीदा खणली?"
"एकदाच. आजेसासऱ्यानं."
"आणि पाणी?"
मी राहाट ओढत होते. पटलं मला.

पुढच्या सोमवारी त्यानंच ते मोडून टाकलं.
"विहिरीचं चुकलं गे. पाद्रीला विचारलं.
नुसतं पाणी काढणं नव्हे ते.
खणणारा अजून आतच आहे, म्हणतो.
आम्ही काठाशी जाऊन उभे राहतो.
ती दुपार संपलेलीच नाही."
हे मला कळलं नाही. त्यालाही पुरतं कळलं नसावं;
टोपी विसरून गेला, अर्ध्या वाटेवरून परत आला.
जाता जाता म्हणाला,
"वाइनमध्ये पाण्याचा एक थेंब घालतात. तो थेंब म्हणजे माणसं.
तुझ्याच विहिरीचं नेतो. गोडं आहे म्हणून."
मी काही बोलले नाही.
त्या दिवशी घागर जरा जपून उतरवली, एवढंच.

फेस्ताच्या आदल्या आठवड्यात सांतान गेला.
त्याच्यासाठीच मिस्सा होती. मी मागच्या दारात,
चपला हातात धरून.
पाद्रीनं ती चकती दोन्ही हातांनी वर उचलली,
बारशाला बाळ दाखवावं तशी.
घंटा वाजली. सगळे वाकले. मीही वाकले,
कंबर दुखत होती म्हणून. किंवा नसेल दुखत.
मग चकती मोडली त्यानं.
आवाज दारापर्यंत आला, सुक्या पापडाचा,
आणि शवपेटीशेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं
तेवढ्यापुरती मान वर केली.

सोमवारी एल्रॉय आला, कानात वायर.
प्लास्टिकच्या पिशवीत वस्त्रं, कोरडी.
"सगळं एकदम भिजव, मावशी."
पहिलं पाणी कुणाचं, ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
आणि ते सांगायला उरली होती
एक मडवळीण.

मी बादली बाजूला सारली.
पितळी घंगाळ चिंचेनं घासलं.
थंड पाणी. एकेक वस्त्र बुडवलं, पिळलं नाही,
नुसतं निथळू दिलं.
ते पाणी चाफ्याच्या मुळाशी नेलं,
जिथं कुणाचा पाय पडत नाही.
हळूच ओतलं. मुंग्यांची रांग वळून पलीकडून गेली.
माझा हात चालतो का,
हे विचारायला सांतानच हवा होता.

मग दुसरं पाणी, खळ, उन्हं, इस्त्री.
चौकोनाच्या तीन घड्या, पुन्हा तीन,
आतल्या अंगाला. तो दाखवायचा तशाच.
काही सांडलं असेल तर आतच राहावं.

वहीत लिहिलं: वस्त्रं सात.
पहिल्या पाण्याचे पैसे लावले नाहीत.